शुद्ध आली, स्मृतीचे काय?

अपघाताच्या बातमीचा शेवट वृत्तपत्रांत बहुधा एका ठरीव वाक्याने होतो : जखमीची प्रकृती धोक्याबाहेर आहे. या वाक्यानंतर वाचक पान उलटतो, पोलीस आपले कागद पुरे करतात आणि रुग्णालय बिलाची बेरीज करू लागते. धोका टळलेला असतो तो प्राणाचा. पण दहा-पंधरा दिवस बेशुद्धीत काढून उठलेल्या माणसाच्या घरी याच वाक्यापासून दुसऱ्या प्रकरणाला आरंभ होतो. रुग्ण डोळे उघडतो, पाणी मागतो, आईला ओळखतो. मात्र सकाळी भेटून गेलेला भाऊ दुपारी त्याच्या लेखी आलेलाच नसतो. आपण कोठे आहोत, साल कोणते, थोरली मुलगी कितवीत शिकते, या साध्या प्रश्नांची उत्तरे त्याला देता येत नाहीत, किंवा तो ती अगदी ठामपणे चुकीची देतो. घरच्यांना वाटते, औषधाची गुंगी असेल, चार दिवसांत उतरेल. चार दिवसांत ती उतरत नाही.

या दुसऱ्या प्रकरणाचा विचार आपल्याकडे वैद्यकाने थोडा केला आहे, कायद्याने त्याहून थोडा, आणि अर्थनियोजनाने जवळजवळ केलेलाच नाही. ५ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने रस्त्यावरील अपघातात जखमी होणाऱ्यांसाठी रोख रक्कम न भरता उपचार मिळण्याची योजना अधिसूचित केली. ठरवून दिलेल्या रुग्णालयात प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च या योजनेतून मिळावयाचा आहे. अनामत रक्कम भरल्याशिवाय पुढे काही हलत नाही, हा अनुभव घेतलेल्या देशात ही योजना स्वागतार्हच म्हटली पाहिजे. परंतु तिची मुदत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांची आहे. आणि डोक्याला जबर मार बसलेला माणूस सातव्या दिवशी पुष्कळदा डोळेही उघडीत नाही. जीव वाचविण्याचा खर्च समाजाने उचलावा आणि माणूस परत आणण्याचा खर्च घराने, अशी ही वाटणी आहे. ती न्याय्य नाहीच. पण निव्वळ जमाखर्चाच्या दृष्टीनेही ती तोट्याची आहे.

मूर्च्छा आणि विस्मरण

डोळे मिटलेले असणे आणि हाकेने वा वेदनेनेही जाग न येणे, या अवस्थेला कोमा म्हणतात. तिचे मोजमाप करण्याची सोपी पट्टी ग्लासगो येथील ग्रॅहम टीझडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली तयार केली. डोळे, वाचा आणि हालचाल यांना मिळून कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५ गुण, अशी ती पट्टी आज जगभरच्या अतिदक्षता विभागांत वापरली जाते. या पट्टीने डॉक्टरांना एक समान भाषा दिली, यात शंका नाही. पण पंधरापैकी पंधरा गुण मिळविणारा माणूसही घरी गेल्यावर गॅस बंद करावयाचे विसरतो, एकच प्रश्न तासाभरात पाच वेळा विचारतो आणि दिलेले पैसे दिले नाहीत असे सांगतो. शुद्ध मोजण्याची पट्टी स्मृती मोजीत नाही.

कोमा सामान्यतः काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. त्यानंतर काही रुग्ण दगावतात. काहींचे डोळे उघडतात पण जाणीव येत नाही. आणि पुष्कळ रुग्ण एका गोंधळलेल्या अवस्थेतून जाऊ लागतात. या अवस्थेत रुग्ण जागा असतो, बोलतो, क्वचित चिडतो. पण दिवसभरात घडलेले काहीच त्याच्या मनात ठरत नाही. ही आघातानंतरची विस्मृती किती काळ टिकते, यावरून पुढच्या सुधारणेचा अंदाज बराचसा बांधता येतो. ती एका दिवसात सरली तर आशा पुष्कळ. चार आठवड्यांहून अधिक रेंगाळली तर इजा अत्यंत गंभीर समजावी, असा संकेत आहे. ती तपासण्यासाठी अमेरिकेत गॅल्व्हेस्टन येथे एक प्रश्नावली तयार झाली. ती १९७९ साली प्रसिद्ध झाली. नाव काय, गाव कोणते, आज वार कोणता, अपघातापूर्वीचे शेवटचे काय आठवते, नंतरचे पहिले काय आठवते, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. या परीक्षेला कोणतेही यंत्र लागत नाही. एक छापील कागद, थोडा वेळ आणि ऐकून घेणारे माणूस लागते.

गेलेली स्मृती कशी परत येते, याविषयी लोकांच्या कल्पना नाटक-चित्रपटांनी घडविल्या आहेत. कालिदासाच्या शाकुंतलात अंगठी दृष्टीस पडताच दुष्यंताला सारे एकदम आठवते. हिंदी चित्रपटांतून डोक्यावर दुसरा आघात झाला की पहिल्या आघाताने नेलेले सारे सव्याज परत मिळते. प्रत्यक्षात असे होत नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थेओद्यूल रिबो याने १८८१ साली दाखवून दिले की, स्मृतिभ्रंशात अलीकडचे आधी जाते आणि जुने टिकून राहते. परत येतानाही बालपण आधी येते, मग शाळा, मग लग्न. विस्मृतीचा पट्टा हळूहळू आक्रसत अपघाताच्या दिवसापर्यंत येतो. अपघाताचा क्षण आणि त्याच्या लगतचा काळ मात्र बहुधा कधीच परत येत नाही, कारण तो मेंदूत नोंदलाच गेलेला नसतो. 'आठवून बघ, आठवेल' हा घरच्यांचा आग्रह म्हणून व्यर्थ तर असतोच, पण रुग्णाला तो अपराध्यासारखे वाटावयास लावतो.

याहून अवघड गोष्ट पुढेच असते. मागचे बरेच आठवू लागले तरी नवे लक्षात ठेवण्याची शक्ती दुबळी राहते. जोराच्या धक्क्याने मेंदूतील सूक्ष्म तंतू ताणले जातात, तुटतात. प्राणवायू कमी पडला तर नव्या स्मृती घडविणारा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत अधिक असतो, पण ती दोन वर्षे आणि त्यानंतरही थोडीथोडी चालू राहते. सात दिवस आणि दोन वर्षे, या दोन मुदतींमधील अंतर हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

तीन हजार पाने

या दीर्घ मुदतीत काय घडू शकते, याचे एक उदाहरण रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी जगापुढे ठेवले आहे. झासेत्स्की नावाचा २३ वर्षांचा अधिकारी मार्च १९४३ मध्ये स्मोलेन्स्कच्या आघाडीवर डोक्यात गोळी लागून जखमी झाला आणि दीर्घकाळ कोमात होता. युद्धापूर्वी तो तंत्रशिक्षण घेणारा हुशार विद्यार्थी होता. शुद्धीवर आला तेव्हा त्याला अक्षरे ओळखता येत नव्हती, वस्तूंची नावे सापडत नव्हती, उजव्या बाजूचे दिसत नव्हते. त्याला आधी बालपण आठवू लागले. अलीकडची वर्षे मात्र तुकड्यातुकड्यांनी आली. लहान मुलासारखी अक्षरे गिरवण्यात महिने गेले. मग एके दिवशी डॉक्टरांनी त्याला सुचविले की, एकेका अक्षराचा विचार न करता, हात न उचलता, एका दमात शब्द लिहून पाहावा. आणि हाताने तो शब्द लिहिला. मनाने गमावलेले हाताच्या सवयीने राखून ठेवले होते.

त्यानंतर पंचवीस वर्षे तो लिहीत राहिला. दिवसभर बसून कधी अर्धे पान, कधी एक पान. आणि लिहिलेले वाचणे त्याला लिहिण्यापेक्षाही कष्टाचे होई. अशी सुमारे तीन हजार पाने झाली. त्यांच्या आधारे लुरियांनी लिहिलेले पुस्तक १९७१ साली प्रसिद्ध झाले. झासेत्स्की पूर्ववत झाला नाही. पण आपल्या विखुरलेल्या आयुष्याचे तुकडे त्याने एका ओळीत मांडले आणि त्याच्या जगण्याला हेतू मिळाला.

या कथेत जिद्दीचे कौतुक करून थांबणे सोपे आहे. परंतु त्या जिद्दीखाली एक व्यवस्था होती, हे विसरता कामा नये. युद्धकाळात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी उरल पर्वताच्या परिसरात पुनर्वसनाचे रुग्णालय उभारण्यात आले होते आणि ते लुरियांकडे सोपविले होते. झासेत्स्कीला अक्षरे शिकविणारी शिक्षिका होती, जखमी सैनिकाचे निवृत्तिवेतन होते, आई व बहिणी होत्या आणि अनेक वर्षे त्याची विचारपूस करणारा तज्ज्ञ होता. एकट्या इच्छाशक्तीने इतकी पाने लिहून होत नाहीत.

अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या टेरी वॉलिसची कथाही अशीच अर्धी सांगितली जाते. १९८४ साली मोटार-अपघातात सापडलेला हा तरुण १९ वर्षांनी, २००३ मध्ये बोलू लागला. अध्यक्ष रेगनच आहेत आणि साल १९८४च आहे, अशी त्याची समजूत होती. जगभर 'चमत्कार' म्हणून मथळे झळकले. पुढे नव्या गोष्टी लक्षात ठेवणे त्याला जवळजवळ अशक्यच राहिले आणि २०२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो परावलंबी होता. त्याचा पहिला शब्द 'आई' हा होता, ही बातमी झाली. त्यापुढची एकोणीस वर्षे सांभाळण्यात गेली, ही बातमी झाली नाही.

वाद मरणाचा, प्रश्न जगण्याचा

आपल्या देशातही दीर्घ बेशुद्धीविषयी सार्वजनिक चर्चा झाली, पण ती प्रामुख्याने मरणाच्या बाजूने. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला. त्यांचे भान परत आले नाही आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या संदर्भात मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाविषयी निर्णय दिला. २०१८ मध्ये घटनापीठाने जिवंतपणी करून ठेवण्याच्या इच्छापत्राला मान्यता दिली. हे निर्णय महत्त्वाचे आहेतच. पण अरुणाताईंच्या बेचाळीस वर्षांतून आणखी एक धडा घेण्यासारखा होता : परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना सांभाळले, कारण तेथे एक खाट होती, पाळ्या होत्या आणि हे काम आपले आहे असे मानणारी संस्था होती. दीर्घ शुश्रूषा घराबाहेरही होऊ शकते, याचा हा पुरावा. कोमातून कोणाला जाऊ द्यावे, यावर आपण चाळीस वर्षांच्या एका वेदनेनंतर कायदा घडविला; कोमातून जे परत येतात त्यांचे काय करावे, यावर साधी चर्चाही घडली नाही.

हिशेबात न येणारा खर्च

अशी माणसे किती, हेच आधी मोजले जात नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले. त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जण मृत्युमुखी पडले आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जखमी झाले. मृतांपैकी ८३.४ टक्के १८ ते ६० या वयोगटातील, म्हणजे कमावत्या वयाचे होते. जखमींतून किती जण शुद्धीवर आले पण कामावर परतू शकले नाहीत, यासाठी रकाना नाही. अपघातांखेरीज पक्षाघात, मेंदूज्वर, हृदयक्रिया थांबणे यांमुळेही हाच प्रसंग ओढवतो. जे मोजले जात नाही त्याला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही, हा शासनव्यवहाराचा जुना नियम आहे.

एखाद्या तालुक्याच्या कचेरीतील लिपिकाचे घर डोळ्यांपुढे आणावे. दुचाकी घसरून तो बारा दिवस बेशुद्ध राहिला. उपचारांचे काही लाख रुपये योजना, विमा आणि पत्नीचे दागिने यांतून भागले. तीन महिन्यांनी तो कामावर रुजू झाला. चालतो, बोलतो, सही करतो. डोक्यावरची खूण केसांत झाकली गेली आहे. पण कोणती नस्ती कोणाकडे दिली, हे त्याला सांगता येत नाही. पहिल्या महिन्यात सहकारी सांभाळून घेतात, तिसऱ्या महिन्यात कुरकुरतात, सहाव्या महिन्यात साहेब ज्ञापन देतात. हात मोडलेल्या माणसाचे प्लॅस्टर दिसते. स्मृती मोडलेल्या माणसाला लोक आळशी किंवा लबाड ठरवितात.

या घरात उत्पन्न एकाचे नव्हे, दोघांचे जाते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसून आले की, घरातील माणसांची शुश्रूषा व संगोपन करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ७६ मिनिटे. कोमातून आलेल्या रुग्णाच्या घरी ही मिनिटे तासांत मोजावी लागतात. शिवणकाम, शिकवणी, अंगणवाडीतील नोकरी पत्नीला सोडावी लागते, किंवा मुलीचे महाविद्यालय सुटते. या श्रमाला मजुरी नसल्यामुळे राष्ट्रीय उत्पन्नात तो दिसत नाही आणि म्हणून तो फुकट आहे असा भास होतो. सरकारचा खर्च वाचला असे ज्याला म्हणतात, तो पुष्कळदा स्त्रियांच्या खात्यावर टाकलेला असतो.

न्यायालयांनी ही गोष्ट काही अंशी ओळखली आहे. मोटार-अपघात भरपाईच्या दाव्यांत शरीराला आलेले अपंगत्व आणि कमाईची गेलेली शक्ती या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दशकाच्या आरंभीच स्पष्ट केले. २०२० मध्ये मेंदूला गंभीर इजा झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात, सांभाळणाऱ्या व्यक्तींचा खर्चही पुढील आयुष्याचा विचार करून गुणकाच्या पद्धतीने धरला पाहिजे, असा निर्णय झाला. शुश्रूषेला मोल आहे, हे न्यायासनावरून मान्य झाले. पण दावा लढविण्यास वर्षे लागतात, आणि स्मृतीची मशागत पहिल्या वर्षातच करावी लागते.

थोड्या खर्चाची कामे

येथे एक आक्षेप येणार. ज्या राज्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर मिळत नाही, तेथे स्मृतीच्या पुनर्वसनाची भाषा म्हणजे चैन नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. पण तो खर्चाच्या चुकीच्या कल्पनेवर उभा आहे. महाग असते ती शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता विभागातील खाट. तो खर्च आपण आधीच केलेला असतो. त्यानंतरचे काम तुलनेने स्वस्त आहे, आणि ते न केल्यास आधीचा खर्च पुरता फळाला येत नाही. विहीर खणून दोर न घेण्यासारखाच हा प्रकार आहे.

स्मृती घोकंपट्टीच्या व्यायामाने पूर्ववत होते, असा अनुभव नाही. उपयोग होतो तो पर्यायी वाटा शिकविण्याचा : एकच वही, एकच जागा, ठरलेले वेळापत्रक, भिंतीवरील मोठी दिनदर्शिका, मोबाइलवरील गजर, आणि नवी गोष्ट शिकविताना चूक होऊच नये अशा बेताने, लहान पायऱ्यांनी केलेला सराव. ब्रिटनमध्ये बार्बरा विल्सन यांनी या पद्धतींचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि १९९६ मध्ये ईली येथे त्यासाठी केंद्र स्थापिले. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थेत हे ज्ञान आहे. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. उणीव आहे ती हे ज्ञान जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचविण्याची.

त्यासाठी चार गोष्टी ताबडतोब करता येतील. पहिली, डोक्याला इजा झालेल्या प्रत्येक रुग्णाची स्मृती घरी सोडण्यापूर्वी तपासावी आणि निष्कर्ष डिस्चार्ज कार्डावर लिहावा. म्हणजे कुटुंबाला काय पुढे येणार हे कळेल आणि कार्यालयाला दाखविण्यास कागद राहील. दुसरी, सरकारी मदत खाटेशी बांधलेली नसावी. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल असतानाचे. घरी आल्यानंतरची मुदत पंधरा दिवसांची. तिच्याच कक्षेत निदान एक वर्षाच्या बाह्यरुग्ण पुनर्वसनाची सोय करावी.

तिसरी गोष्ट कायद्याची. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. मेंदूच्या आघाताने आलेले अपंगत्व हा त्यांत स्वतंत्र प्रकार नाही. स्मृतीचा दोष मानसिक आजाराच्या व्याख्येत बसविता येतो, पण ते शीर्षक घ्यावयास कुटुंबे कचरतात. याच कायद्याने शासकीय नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकण्यास वा पदावनत करण्यास मनाई केली आहे. काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम, नाहीतर अधिसंख्य पद, अशी तरतूद आहे. प्रमाणपत्रच धड मिळाले नाही तर हा हक्क कागदावर राहतो. आणि खाजगी दुकानातील नोकर वा मालमोटारीचा चालक यांना तर तोही नाही. शुश्रूषा करणाऱ्यासाठी भत्त्याचा उल्लेखही त्या कायद्यात आहे. तो उल्लेखापुरता ठेवू नये.

चौथी गोष्ट पैशाची नाहीच. कामावर परतणाऱ्याला पहिल्या दिवशी पूर्ण टेबल देऊ नये. शिक्षकाला आधी एक तास, लिपिकाला आधी एकच नोंदवही, विद्यार्थ्याला लेखी सूचना आणि परीक्षेला जास्तीचा वेळ, इतके औदार्य मुख्याध्यापक, कार्यालयप्रमुख आणि प्राचार्य यांना आपल्या अधिकारात दाखविता येते. सर्वच रुग्ण पूर्वीच्या जागी परततील असे नाही. काही कधीच परतणार नाहीत, हे मान्य करूनही पुष्कळांना दोन पावले पुढे आणता येतील.

शाकुंतलात विसरलेल्या राजाची सोय नियतीने केली. पण मधल्या काळात विसरल्या गेलेल्या शकुंतलेला भर दरबारात आपली ओळख पटवून द्यावी लागली, आणि तिच्या बोटात अंगठी नव्हती. आजही कार्यालये, विमा कंपन्या आणि प्रमाणपत्र-मंडळे यांच्या दारात घरचे माणूस तसेच उभे असते : 'हे दिसतात तसे बरे नाहीत', एवढे पटविण्यासाठी. त्याच्या हाती निदान एक अधिकृत कागद, वर्षभराचे उपचार आणि थोडा आधार द्यावा, एवढीच ही मागणी आहे. 'प्रकृती धोक्याबाहेर' हे वाक्य त्यानंतर लिहिले, तर ते खरे ठरेल.